पंप, पाइप आणि पप्पा



कॉलेजच्या मासिकात मराठी लेख द्यायचा म्हटलं की आपल्याकडे ठरलेले विषय असतात : पहिला पाऊस, पहिलं प्रेम, कॅन्टीन आणि के.टी.! मी यातला एकही घेतलेला नाही. मी लिहितेय हृदयावर. पण गाण्यातल्या हृदयावर नाही, तर छातीत किंचित डावीकडे कलून बसलेल्या, मुठीएवढ्या, साधारण ३०० ग्रॅमच्या स्नायूच्या पंपावर.

आता तुम्ही म्हणाल, ही टी.ई. मेकॅनिकलची मुलगी, हिचा हृदयाशी काय संबंध? संबंध आहे. पंप, प्रेशर, पाइप, फ्लो, मेन्टेनन्स हे सगळे आपलेच विषय. डॉक्टरकी शिकवायचा माझा इरादा नाही. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे रोहिणी, नीला वगैरे भारी शब्दांच्या वाट्याला मी जाणार नाही. 'रक्तवाहिनी' हा एक शब्द आपल्याला पुरेल. पण जे गणित आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात सोडवतो, तेच घरी बसलेल्या आपल्या आई-पप्पांना लावून बघायला काय हरकत आहे?

पंपाचं स्पेसिफिकेशन

आधी डेटा लिहून घेऊ. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा पडतं आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. दिवसाचे ठोके झाले १ लाखाच्या वर आणि दिवसाचं रक्त झालं सुमारे ७ हजार लिटर! भाईंदरकरांना हा आकडा लगेच कळेल. सोसायटीत १० हजार लिटरचा टँकर येतो ना, त्यातला जवळपास पाऊण टँकर रोज हा मुठीएवढा पंप उपसतो. रविवारी नाही, गणपतीत नाही, झोपेतसुद्धा सुट्टी नाही.

आता पॉवर काढा. सरासरी दाब धरा १०० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १३.३ किलोपास्कल. त्याला फ्लोने गुणा. उत्तर येतं जेमतेम १ वॅटच्या आसपास! मोबाइलच्या साध्या चार्जरपेक्षाही कमी. एवढ्याशा पॉवरवर ७०-८० वर्षं चालणारं मशीन आपल्या कुठल्याही लॅबमध्ये नाही.

आता बी.पी. वाढलं की काय होतं ते पाहा. नॉर्मल १२०/८० असेल तर सरासरी दाब साधारण ९३ येतो. (खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश.) तेच १६०/१०० झालं तर सरासरी १२०. म्हणजे पंपावर जवळजवळ २९ टक्के जास्त लोड, आणि तोही चोवीस तास! आपल्या हॉस्टेलच्या पाण्याच्या मोटरवर कुणी एवढा जादा लोड दिला तर आठवड्यात जळका वास येईल. हृदय बिचारं वास देत नाही, आवाज करत नाही. ते आपली भिंत जाड करून घेतं आणि काम चालू ठेवतं. इथेच सगळा लोचा आहे.

पाइपाचा फंडा

एस.ई.ला आपण हेगन-पॉइझवीचा नियम घोकला होता. नळीतला फ्लो त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली तर फ्लो निम्मा होत नाही, १६ पट कमी होतो! त्रिज्या फक्त २० टक्के कमी झाली तरी फ्लो ४१ टक्क्यांवर येतो. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या ज्या मुख्य रक्तवाहिन्या आहेत, त्यांचा व्यास अवघा ३-४ मिलिमीटर. गंमत म्हणजे पंप सगळ्या शरीराला रक्त देतो आकुंचन पावताना, पण त्याला स्वतःला मुख्यतः मिळतं ते तो सैल पडतो तेव्हा, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात.

पण थांबा, इथपर्यंतचं उत्तर लिहिलंत तर पाचच मार्क मिळतील. कारण शरीर म्हणजे जी.आय. पाइप नव्हे. एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा यायला लागला की पुढच्या बारीक वाहिन्या आपोआप रुंदावतात आणि फ्लो सांभाळून घेतात. म्हणून नळीचा व्यास साधारण ७० टक्के बंद होईपर्यंत माणसाला चालताना, जिने चढतानाही काही जाणवत नाही. 'मला काही होत नाही' हे आपल्या घरातल्या मोठ्या माणसांचं लाडकं वाक्य. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच काही होत नसतं. पण लक्षण नाही याचा अर्थ आजार नाही, असा होत नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. चरबीचा थर नळीच्या आत शेवाळासारखा चिकटतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो नळीच्या भिंतीमध्ये साचतो, आतल्या पातळ अस्तराच्या खाली. ते अस्तर एखाद्या दिवशी फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत नळी बंद! हाच बहुतेक वेळा हार्ट अटॅक. आणि हे अस्तर फाटायला नळी आधीपासून खूप अरुंद असावीच लागते असं नाही. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत लोकलला धावत जाऊन लटकणारा माणूस आज सकाळी आय.सी.यू.मध्ये असू शकतो. 'कालपर्यंत ठणठणीत होता हो' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगखाली उभं राहून ऐकलेलं आहे.

ब्रेकडाऊन की प्रिव्हेन्टिव्ह?

इंडस्ट्रियलच्या सरांनी मेन्टेनन्सचे दोन प्रकार शिकवले. पहिला ब्रेकडाऊन मेन्टेनन्स : मशीन बंद पडलं की दुरुस्त करा. दुसरा प्रिव्हेन्टिव्ह : मशीन चालू असतानाच ठरलेल्या दिवशी रीडिंग घ्या, तेलपाणी करा, झिजलेलं बदला. मराठीत पहिल्या प्रकाराला 'तहान लागल्यावर विहीर खणणे' म्हणतात. अँजिओप्लास्टी, बायपास हे सगळं भारीच आहे, जीव वाचवतं. पण ते ब्रेकडाऊन मेन्टेनन्स आहे. घरात आपण मिक्सरची आणि बाइकची जेवढी सर्व्हिसिंग करतो, तेवढी माणसाची करत नाही.

कुणाला वाटेल की शिकलेल्या माणसाला, डॉक्टरला असं होत नसेल. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग सगळ्यांना माहीत आहेत. डॉ. राणी बंग यांच्यासह १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढून त्यांनी तिथल्या बालमृत्यूंवर काम केलं. लोकांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या याच माणसाला १९९५ मध्ये, चाळिशीत, हार्ट अटॅक आला. त्यावर त्यांनी लिहिलेलं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक कितीतरी मराठी घरांत कपाटात असतं. आमच्याकडेही आहे. त्यात आहार, व्यायाम, योग, ध्यान हे सगळं एका डॉक्टरने स्वतःवर करून बघितलेलं आहे. मला त्यातून कळलेली गोष्ट साधी आहे : माहिती असणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. (व्हायवाच्या आदल्या रात्री हे आपल्यालाही कळतं!)

मग नेमकं काय करायचं? डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदा हार्ट अटॅक आलेल्या सुमारे १५ हजार लोकांची तुलना तेवढ्याच निरोगी लोकांशी केली गेली. निष्कर्ष असा की जवळजवळ ९० टक्के धोका फक्त नऊ गोष्टींवरून समजावता येतो. तंबाखू, वाढलेलं कोलेस्टेरॉल, बी.पी., डायबेटिस, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण. नशीब, नजर, साडेसाती यातलं काहीही यादीत नाही! याच अभ्यासातून २००७ मध्ये असंही पुढे आलं की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना जवळजवळ ५९ व्या. म्हणजे सहा वर्षं आधी. आपल्यापैकी बहुतेकांचे पप्पा आज याच वयाच्या आसपास आहेत. म्हणून हा लेख.

रीडिंग नंबर एक

आमच्या सोसायटीत गणपतीत आरोग्य शिबिर होतं. पप्पा ४९ वर्षांचे. भाईंदर पश्चिमेहून रोज चर्चगेटला जातात, सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. शिबिरात त्यांचं बी.पी. निघालं १५८/९८. पप्पांचं उत्तर तयार : "अगं, जिने चढून आलो ना, म्हणून!" आईचं उत्तर : "तरी सांगत होते, टेन्शन घेऊ नका." आणि विषय संपला. आरतीला उशीर होत होता.

माझ्यातल्या मेकॅनिकलवालीला मात्र ते पटेना. एका रीडिंगवर निष्कर्ष काढायचा नाही, हे आपल्याला पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. पण एक रीडिंग जास्त आलं म्हणून ते खोडायचंही नाही. पुन्हा घ्यायचं! मी स्टायपेंडच्या पैशांतून दंडावर बांधायचं मशीन आणलं आणि आठवडाभर पप्पांच्या मागे लागले. मोजण्याची पद्धत डॉक्टरांकडून नीट विचारून घेतली, ती तुम्हालाही देते :

१) मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं.
२) पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं शांत बसायचं. पायावर पाय नाही. टी.व्ही. बंद.
३) हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीवर. पट्टा दंडाच्या मापाचा हवा.
४) मोजताना बोलायचं नाही. (पप्पांना हे सगळ्यात अवघड गेलं.)
५) एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन रीडिंग घ्यायची. सकाळ-संध्याकाळ, निदान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर. सगळं वहीत लिहायचं.

दवाखान्यात पुन्हापुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त, आणि घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त आलं तर ते वाढलेलं धरतात. पप्पांची आठवड्याची सरासरी आली १५२/९६. आता जिन्यांवर ढकलता येईना. वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी वही बघितली आणि म्हणाले, "अशी वही सगळ्यांनी आणली तर माझं काम निम्मं होईल."

पण खरी गोष्ट पुढे आहे. मशीन घरात होतंच, म्हणून एका रविवारी मी आईला म्हटलं, "आई, तू पण बस." ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय!" मोजलं तर १४६/९२. आठवडाभर मोजलं, तसंच. सगळ्या घराचं लक्ष पप्पांच्या पथ्याकडे आणि ते पथ्य रांधणाऱ्या बाईचं बी.पी. कुणी कधी विचारलंच नव्हतं. शिबिरातही ती प्रसादाच्या रांगेत मदत करत होती. मैत्रिणींनो, हृदयविकार हा 'पुरुषांचा आजार' आहे हा समज डोक्यातून काढून टाका. घरी एक पट्टा असेल तर तो आधी आईच्या दंडाला बांधा.

आपण एकटे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आणि १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे.

मिठागरांच्या गावात मीठ

भाईंदर म्हटलं की जुन्या लोकांना खाडीलगतची मिठागरं आठवतात. पांढऱ्या ढिगांचं हे गाव. तेव्हा मिठाचं गणित भाईंदरकरानेच मांडायला हवं! जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे एक छोटा चमचा, सगळं धरून. आपल्या देशातली सरासरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत साधारण ८ ग्रॅम आली. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, नळ्यांतलं प्रेशर वाढतं. साधं आहे.

आता घरचं ऑडिट करा. चार माणसांचं कुटुंब, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. एक किलोचा पुडा ५० दिवस पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती दिवस जातो? आमच्याकडे महिनाही पुरत नव्हता. आणि यात पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, नूडल्सची पाकिटं, खारवलेला मासा, बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही. भाईंदर पश्चिमेला तर पावलापावलावर फरसाणची दुकानं आणि आमच्या घरी संध्याकाळच्या चहाबरोबर वाटीभर शेव हा रिवाजच.

आम्ही केलं एवढंच : पुड्यावर पेनाने उघडल्याची तारीख लिहायची. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बरणी उचलून फडताळात ठेवली. लोणचं-पापड यातलं एका वेळी एकच. शेवेच्या जागी भाजलेले चणे-शेंगदाणे, तेही बिनमिठाचे. पहिला आठवडा पप्पांनी आमटी म्हणजे 'हॉस्पिटलचं पाणी' आहे असं जाहीर केलं. तीन-चार आठवड्यांत जीभ रुळली. आता हॉटेलची भाजी त्यांनाच खारट लागते. आमचा मिठाचा पुडा आता ४३ दिवस जातो. ५० चं टार्गेट बाकी आहे.

तेलाचंही तसंच. वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट घातक म्हणून २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांतलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर आणलं गेलं. पण तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा उकळवणारी कढई आपल्या नाक्यावर आहेच. वडापाव सोडा असं मी म्हणणार नाही, मला मार पडेल! पण रोजचा वडापाव आठवड्याचा झाला तर कॅन्टीनवाले अण्णा उपाशी राहणार नाहीत.

बस कंडक्टरचा धडा

१९५३ मध्ये लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी एक मस्त अभ्यास प्रसिद्ध केला. डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघांची नोकरी, पगार, वस्ती जवळपास सारखी. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिने चढ-उतर करणार. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. त्या वेळी व्यायाम आणि हृदयाचा संबंध कुणी असा मोजून दाखवला नव्हता. आता सांगा, आपण दिवसभरात ड्रायव्हर असतो की कंडक्टर?

लोकलमध्ये दोन तास लटकणं म्हणजे व्यायाम, असं पप्पांचं मत. घाम येतो हे खरं, पण तो गर्दीचा! मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जिमची फी नको, बूट महागाचे नकोत. आमच्या घरापासून भाईंदर स्टेशन भरभर चालत १५ मिनिटं आहे. पप्पा शेअर रिक्षा करायचे. रिक्षा सोडली तर जाऊन-येऊन ३० मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, झाले बरोबर १५० मिनिटं! वर रिक्षाचे पैसे वाचले. रविवारी सकाळी ते आणि आई मुर्धा-राईच्या रस्त्याला चालत जातात. आईच्या मते लग्नानंतर ते दोघं एवढं कधीच बोलले नव्हते. ताण कमी करण्याचा उपाय वेगळा शोधायला लागला नाही.

सावधगिरी एकच. ज्यांना चालताना छातीत भरून येतं, दम लागतो, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग व्यायाम.

पुडी

हा भाग लिहिताना पप्पा वाचतील याची मला कल्पना आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखू-चुना मळण्यावर बंदी कुणी आणणार? मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात ३५ वर्षांवरच्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची नोंद केली आणि पुढे काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला. २००५ मध्ये आलेला निष्कर्ष असा : सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के जास्त, आणि बिडी ओढणाऱ्यांत ६४ टक्के जास्त. 'बिडी साधी असते' हा भ्रम तिथेच संपला. आणि 'मी ओढत नाही, नुसती खातो' म्हणणाऱ्यांसाठी : इंटरहार्टच्याच २००६ मधल्या निष्कर्षांत तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला. मिश्री लावणाऱ्या आज्या-काकूंनीही हे लक्षात घ्यावं.

चांगली बातमी अशी की धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्मा होतो. सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारचा मोफत फोन नंबर आहे. पप्पांची पुडी दिवसाला चारवरून एकवर आली आहे. ती एक अजून आहे. वहीत तिच्यासाठीही कॉलम आहे.

बारीक दिसतोय म्हणून सुटलो?

पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोन शास्त्रज्ञ मित्र. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांनी आपला शेजारी-शेजारी उभा असलेला फोटोच छापला. आपण भारतीय वजनकाट्यावर बारीक आणि आतून जाड असतो, हे यापेक्षा सोपं करून कुणी सांगणार नाही. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत हवी. आईच्या शिवणकामाच्या डब्यात टेप असतेच. सोबत तिशीनंतर वेळोवेळी रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासून घ्या.

नॉर्मल आलं, गोळी बंद?

बी.पी.ची गोळी सुरू झाली की घरोघरी हाच सीन. महिन्याने रीडिंग नॉर्मल येतं आणि माणूस म्हणतो, "बरं झालं, आता कशाला गोळी?" अरे, गीझरचा थर्मोस्टॅट पाणी गरम ठेवतोय म्हणून आपण थर्मोस्टॅट काढून टाकतो का? नॉर्मल आहे ते गोळीमुळे आहे. कमी करायची की बंद, ते डॉक्टर ठरवतील.

हे काम किती साधेपणाने होऊ शकतं, ते आपल्याच राज्यात दिसलंय. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा सरकारी कार्यक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे सुरुवातीचे जिल्हे. नवीन मशीन नाही, स्पेशालिस्ट नाही. सगळ्यांसाठी ठरलेली एकच उपचारपद्धत, सरकारी केंद्रात मोफत गोळ्या, प्रत्येकाच्या रीडिंगची नोंद आणि न आलेल्याला आठवण. २०२२ मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे आमच्या वहीचीच मोठी आवृत्ती म्हणा ना!

'गॅस झालाय'

एवढं करूनही वेळ आलीच तर? छातीच्या मध्यभागी दडपण किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात जाणं, थंड घाम, दम, मळमळ. बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम किंवा कमालीचा थकवाही असू शकतो. अशा वेळी सोडा पाजून, 'गॅस आहे, सकाळी बघू' म्हणत बसायचं नाही. हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ई.सी.जी. निघतो अशा जवळच्या हॉस्पिटलला न्या. माणसाला जिने चालत उतरवू नका, स्वतः बाइक चालवत जाऊ देऊ नका. हॉस्पिटलमध्ये पहिली मागणी एकच : ई.सी.जी. तो पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. माणूस बेशुद्ध पडला, श्वास थांबला, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा : मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. आपल्या एन.एस.एस. युनिटने याचं प्रात्यक्षिक घ्यावं अशी माझी विनंती आहे.

सुट्टीतली असाइनमेंट

तीन महिन्यांनी पप्पांची सरासरी १३४/८४ आली. एक गोळी, कमी मीठ आणि पायी स्टेशन. आईचं मीठ आणि चालण्यानेच १३२/८४ वर आलंय. डॉक्टर म्हणाले, तूर्त गोळी नको, वही चालू ठेवा. यात चमत्कार काही नाही आणि म्हणूनच मला ते आवडलं. आपण इंजिनिअर होणार. जे मोजता येतं ते सुधारता येतं, एवढं तरी चार वर्षांत शिकून बाहेर पडू या.

तर मित्रांनो, ओरल्स संपल्या की सुट्टीत ही असाइनमेंट करा. सबमिशनची तारीख नाही, कॉपी करायला पूर्ण परवानगी :

१) आई, पप्पा, आजी-आजोबा, काका-काकू, सगळ्यांचं बी.पी. आठवडाभर मोजून वहीत लिहा.
२) मिठाच्या पुड्यावर तारीख टाका.
३) घर ते स्टेशन किती मिनिटं लागतात ते चालून बघा, त्यांना सोबत घेऊन.
४) टेप घ्या, कंबर मोजा. स्वतःचीही!
५) आकडे जास्त आले तर घाबरवू नका, भाषण देऊ नका. वही घ्या आणि डॉक्टरांकडे सोबत जा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपले आई-वडील आपल्या फीचे हप्ते, आपल्या के.ट्या, आपलं प्लेसमेंट सगळं लक्षात ठेवतात. त्यांचे दोन आकडे आपल्याला पाठ असायला काय हरकत आहे?